राज्य, पक्ष आणि पत्र : सीमाभागातील राजकीय गद्याची परीक्षा

बेळगाव येथे १९२९, १९४६ आणि २००० या तीन वर्षी मराठी साहित्य संमेलन भरले. पहिल्याचे अध्यक्षस्थान शिवराम महादेव परांजपे यांनी, दुसऱ्याचे गजानन त्र्यंबक माडखोलकर यांनी आणि तिसऱ्याचे यशवंत दिनकर फडके यांनी भूषविले. यांपैकी पहिले दोघे संपादक. एक 'काळ' साप्ताहिकाचे, दुसरे नागपूरच्या 'तरुण भारता'चे. तिसरे राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि महाराष्ट्राच्या राजकारणाचे इतिहासकार. अध्यक्षांची निवड करताना असा काही क्रम कोणी मनाशी योजिला असेल असे नाही, आणि योगायोगाला अर्थ चिकटविण्याचा मोह टीकाकाराने आवरावा, हेही खरे. तथापि ज्या शहरात शासन, पक्ष आणि वृत्तपत्र यांची एकमेकांत इतकी गुंतागुंत झालेली आहे, त्या शहराच्या वाट्याला दोन पत्रकार आणि एक राज्यशास्त्रज्ञ यावेत, ही गोष्ट अगदीच अर्थशून्य वाटत नाही.

सीमाप्रश्नात न्याय कोणत्या बाजूस आहे याची चर्चा येथे करावयाची नाही. ती पुष्कळ झाली आहे आणि पुढेही होईल. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. या प्रश्नाच्या निमित्ताने बेळगाव, निपाणी, खानापूर या टापूत आणि त्या टापूविषयी मराठीत जे गद्य लिहिले गेले, म्हणजे अग्रलेख, भाषणे, ठराव, निवेदने, आठवणी आणि अर्थातच पाठ्यपुस्तके, त्या गद्याने राज्यशास्त्रातील मूलभूत संकल्पना कशा हाताळल्या, एवढेच पाहावयाचे आहे. एखाद्या भाषेतील कवितेची कसोटी जशी तिच्या प्रतिमांत लागते, तशी तिच्या राजकीय गद्याची कसोटी राज्य, सरकार, पक्ष, प्रतिनिधी अशा रोजच्या शब्दांत लागते. आणि हे शब्द जेथे सर्वांत अधिक ताणले गेले, तेथेच ही परीक्षा घेणे योग्य होय.

आरंभी एका साध्या शब्दबदलाकडे लक्ष वेधू इच्छितो. परांजपे बेळगावास आले तेव्हा ते शहर मुंबई इलाख्यात होते. माडखोलकर आले तेव्हा ते मुंबई प्रांतात होते. फडके आले तेव्हा ते कर्नाटक राज्यात होते. शहर हलले नाही. त्याला कवेत घेणाऱ्या घटकाचे नाव मात्र दोनदा बदलले. 'इलाखा' हा शब्द फार्सीच्या वाटेने आलेला, मुळात संबंध, ताबा या अर्थाचा. कोणाचा तरी इलाखा असतो. तो स्वतः कोणी नसतो. 'प्रांत' हा संस्कृत शब्द, आणि त्याचा मूळ अर्थच कड, किनार, सीमा. प्रांत म्हणताच तो कशाचा तरी भाग आहे हे मनात येते. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत केला, तो अशा एका प्रांताची मागणी करणारा होता. पुढे १९५० साली संविधान अमलात आले, आणि इंग्रजी कायद्यातील शब्द बदलताच मराठीतही प्रांताचे 'राज्य' झाले.

या बदलाची चर्चा आपल्या समीक्षेत जितकी व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही. 'राज्य' या शब्दाला मराठी मनात फार मोठा इतिहास आहे. शिवकालातील राज्यव्यवहारकोशापासून तो रामराज्य आणि स्वराज्यापर्यंत, राज्य म्हणजे स्वयंपूर्ण, स्वतःच्या सिंहासनावर बसलेली वस्तू. प्रांताची हद्द इकडची तिकडे झाली तर कारभार बदलतो. राज्याची हद्द बदलली तर भूमी गेली असे वाटते. जो प्रश्न प्रांतांच्या भाषेत कारभाराचा होता, तो राज्यांच्या भाषेत मानाचा झाला. सीमाप्रश्नाच्या सर्व कटुतेचे खापर एका शब्दावर फोडणे हास्यास्पद होईल. पण जो शब्द दोन्ही बाजूंनी सारख्याच अर्थाने वापरला, त्याने ती कटुता वाढविली असे म्हणण्यास जागा आहे. आणि दोन्ही बाजूंनी तो खरोखरच एकच आहे! कन्नडातही राज्य, सरकार, पक्ष, समिती हे शब्द जवळजवळ आपल्यासारखेच आहेत. बेळगावच्या एकाच रस्त्यावर १ नोव्हेंबरला एका बाजूस राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूस काळा दिवस पाळला जातो, तेव्हा भांडण दोन भाषांचे असले तरी भांडणाचा शब्दकोश एक असतो.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व ही राज्याची चार अंगे, असे आपण वर्गात शिकवितो. प्रस्तुत लेखकाने सीमेलगतच्या एका महाविद्यालयात काही वर्षे हा विषय शिकविला. 'राज्य म्हणजे काय?' या प्रश्नावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, 'कोणतं राज्य, सर? आमचं, का हितलं?' वर्ग हसला, आणि मीही हसून वेळ मारून नेली. पुढे अनेकदा वाटले की, त्या मुलाने पाठ्यपुस्तकावर केलेली ती सर्वांत नेमकी टीका होती. त्या चार अंगांच्या कसोटीस महाराष्ट्र उतरत नाही, कर्नाटकही उतरत नाही. कारण सार्वभौमत्व दोघांकडेही नाही. एवढेच नव्हे, भूप्रदेशदेखील काटेकोरपणे पाहता त्यांचा नाही. संविधानाच्या तिसऱ्या कलमान्वये संसद साध्या कायद्याने कोणत्याही घटकराज्याची सीमा बदलू शकते. संबंधित विधानमंडळाचे मत राष्ट्रपतींनी मागवावे लागते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. भारत हा राज्यांचा संघ आहे. तथापि ती राज्ये एकत्र येऊन करार करती झाली आणि त्यातून संघ जन्मला, अशी ही रचना नव्हे.

हे ध्यानात घेतले म्हणजे २०२२ च्या डिसेंबर महिन्यातील दोन ठराव शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. कर्नाटकाच्या विधानमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात आणि महाराष्ट्राचे नागपुरात चालू होते. एका सभागृहाने एक इंचही भूमी न देण्याचा ठराव केला. काही दिवसांतच दुसऱ्याने ८६५ गावांतील इंच न् इंच भूमी मिळविण्याचा ठराव एकमताने केला. गद्य म्हणून पाहता दोन्हींचे माप एकच, इंच. आणि दोन्हींचे व्याकरणही एकच, ज्यात 'राज्य' हा कर्ता आणि 'भूमी' हे कर्म. संसद हा ज्याचा खरा कर्ता, ते वाक्य कोणीच लिहिले नाही. आणि गावांत राहणारी माणसे दोन्ही वाक्यांत षष्ठीच्या प्रत्ययापुरती आली.

मराठी गद्याला हा भेद पूर्वी कळत नव्हता असे नाही. १८९७ साली टिळकांनी 'केसरी'त पाठोपाठ दोन अग्रलेख लिहिले. एकाच्या मथळ्यात सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय असा प्रश्न होता, तर दुसऱ्याच्या मथळ्यात राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे असे बजावले होते. सरकारला डोके असते, ते फिरू शकते, त्याला प्रश्न विचारता येतो. राज्य करणे ही मात्र एक जबाबदारी, तिला स्वतःचा धर्म आहे. राज्य आणि सरकार यांतील जो भेद समजाविण्यास आपण वर्गात दोन तासिका खर्च करतो, तो त्या दोन मथळ्यांच्या शब्दयोजनेत सहज उतरला आहे. त्याच वर्षीच्या 'केसरी'तील लेखनाची किंमत टिळकांनी तुरुंगात मोजली, कारण परकीय न्यायासनाला सरकारवरील टीका आणि राज्याविषयीची अप्रीती यांत भेद करावयाचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर तो भेद करण्याची मुभा मिळाली, आणि नेमक्या त्याच काळात आपले गद्य त्याविषयी ढिले झाले. सीमाभागातील निवेदनांत 'कर्नाटक' हा एकच शब्द कधी तेथील शासनासाठी, कधी तेथील सत्ताधारी पक्षासाठी, कधी तेथील जनतेसाठी तर कधी कन्नड भाषेसाठी वापरलेला आढळतो. एखाद्या तहसीलदाराने मराठीतील अर्ज परत पाठविला, तर तो अन्याय शासनाचा. त्यासाठी बसवेश्वरांच्या भाषेस जबाबदार धरण्याचे कारण नाही. वाद जिंकावयाचा असेल तरीही हा काटेकोरपणा उपयोगाचाच आहे, कारण भाषिक अल्पसंख्यकांचे संविधानातील संरक्षण, म्हणजे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने घातलेली ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे, शासनाविरुद्ध मागावयाचे असते, शेजाऱ्याविरुद्ध नव्हे.

बंगळूरच्या विधानसौधावर, सरकारचे काम हे देवाचे काम, अशा अर्थाचे कन्नड वाक्य कोरलेले आहे. मराठी माणूस 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' असे म्हणतो. बेळगावात २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभा राहिला. वर्षातील थोडे दिवस तेथे अधिवेशन भरते. शासन या कल्पनेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा एका टेकडीवर समोरासमोर आल्या आहेत. विनोदी लेखकाला याहून चांगले साहित्य कोठे मिळेल? ते अद्याप कोणाच्या हाती लागलेले दिसत नाही.

सीमारेषेचा तपशील वाचकांस परिचित आहे, म्हणून तो धावता सांगतो. फाजलअली आयोगाने १९५५ साली सामान्यतः जिल्हा हा घटक धरला, बेळगाव जिल्ह्यातून केवळ चंदगड तालुका मुंबई राज्याकडे दिला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने खेडे हा घटक धरावा, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा पाहावी, असा आग्रह धरला. आंध्र व मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकरांनी खेडे हाच घटक धरला होता. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. निपाणी व खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राकडे, २४७ गावे कर्नाटकाकडे, आणि बेळगाव शहर आहे तेथेच, असा त्याचा निष्कर्ष. महाराष्ट्राने तो फेटाळला. त्याचा सविस्तर प्रतिवाद बॅ. अंतुले यांनी १९६८ साली केला, तो इंग्रजीत. भाषेच्या राजकारणाची चिकित्सा फडके यांनी 'पॉलिटिक्स अँड लँग्वेज' या ग्रंथात केली, तीही इंग्रजीत. लालजी पेंडसे यांचे 'महाराष्ट्राचे महामंथन' मराठीत आहे आणि ते आजही वाचनीय आहे. परंतु तो लढ्याचा वृत्तांत आहे, संकल्पनांची छाननी नव्हे. मराठीच्या हक्कासाठी युक्तिवाद इंग्रजीत आणि घोषणा मराठीत, ही वाटणी आपल्याला बोचली पाहिजे.

आता पक्ष. या शब्दाची गंमत अशी की, संस्कृतात तो पंख, बाजू, पंधरवडा, इतकेच नव्हे तर न्यायशास्त्रात ज्याच्याविषयी अनुमान करावयाचे ती वस्तू, अशा अनेक अर्थांनी येतो. सर्व अर्थांत एक गोष्ट समान, ती म्हणजे अपुरेपणा. एका पंखाने पक्षी उडत नाही, एका पंधरवड्याने महिना होत नाही. पाश्चात्त्य राज्यशास्त्रात बर्कने पक्षाची जी कल्पना मांडली, म्हणजे एका तत्त्वावर सहमत होऊन राष्ट्रहितासाठी झटणाऱ्यांचा समुदाय, तिच्यात हा अपुरेपणा लपतो. मराठी शब्दात तो उघड आहे. 'समिती' या शब्दाचा ध्वनी निराळा. समिती एका कामासाठी नेमतात आणि काम झाल्यावर ती विसर्जित होते. महाराष्ट्र एकीकरण समितीने स्वतःस पक्ष म्हणविले नाही, यात एक नैतिक प्रतिज्ञा होती. आम्ही सत्तेसाठी नाही, एका कार्यासाठी आहो. ते झाले की आम्ही नाही. मुंबईतील संयुक्त महाराष्ट्र समितीचे हे वचन १९६० साली बहुतांशी फळास आले आणि तिचे घटकपक्ष पांगले. बेळगावच्या समितीस मात्र हे भाग्य लाभले नाही. कार्य अपुरे राहिले, म्हणून समिती राहिली. आणि समिती दशकांनुदशके राहिली म्हणजे तिचा पक्ष होतो, कोणाची इच्छा असो वा नसो. तिच्यात गट पडतात, उमेदवारीवरून रुसवे होतात, निष्ठावंत आणि बंडखोर अशी भाषा सुरू होते. हा सर्व व्यवहार पक्षाचा. नाव मात्र समितीचे. निवडणूक आयोगाच्या दफ्तरी तर याहून मौज आहे. २०१३ साली बेळगाव दक्षिण आणि खानापूर येथून निवडून आलेले समितीचे आमदार तेथे 'अपक्ष' म्हणून नोंदले गेले.

या समितीच्या प्रतिनिधित्वाचा पेच खरा गहन आहे, आणि मराठी राजकीय लेखनाने त्याच्याशी झुंज घ्यावयास हवी होती. ज्या विधानसभेचा आपल्या गावावरील अधिकार मान्य नाही, त्याच विधानसभेवर निवडून जावयाचे, तेथे शपथ घ्यावयाची आणि तेथूनच बाहेर पडण्याची मागणी करावयाची. आयर्लंडमध्ये पार्नेलने हाच मार्ग धरला होता. वेस्टमिन्स्टरमध्ये बसून वेस्टमिन्स्टरला जेरीस आणावयाचे. १९१८ साली शिन फेन पक्षाने उलट मार्ग स्वीकारला, ७३ जागा जिंकल्या आणि लंडनकडे पाठ फिरवून डब्लिनमध्ये स्वतःची सभा भरविली. सीमाभागाने पार्नेलचा मार्ग निवडला. हे त्याच्या लोकशाहीनिष्ठेचे लक्षण आहे, आणि बाहेरचे टीकाकार त्याचे श्रेय क्वचितच देतात. पण त्या मार्गात एक तिढा आहे. बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते की, प्रतिनिधी हा निरोप्या नव्हे. त्याने स्वतःचा विवेक वापरावा. समितीच्या आमदाराला निरोप्या होण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण त्याच्याजवळ एकच निरोप होता. रस्ता, पाणी, उसाचा दर, शाळेतील शिक्षकाची रिकामी जागा, हे सारे दुय्यम ठरले. मतदाराला मात्र ते दुय्यम नव्हते. २०१८ साली समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, २०२३ सालीही नाही. २०२१ साली बेळगाव महानगरपालिकेची निवडणूक प्रथमच राष्ट्रीय पक्षांच्या चिन्हांवर लढविली गेली आणि ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. निवडून आलेल्यांत मराठी आडनावे थोडी नव्हती. यावर मराठीत जे लिहिले गेले, त्यात 'फितुरी' हा शब्द वारंवार आला. फितुरी हा बखरीतला शब्द आहे. मतदाराने मत बदलले तर त्याला फितूर म्हणणे म्हणजे मतदार हा किल्ल्यावरील शिबंदी आहे असे मानणे होय.

मात्र याच नगरसभेने एकदा प्रतिनिधित्वाची कल्पना तिच्या टोकापर्यंत नेली होती, हेही सांगितले पाहिजे. २००५ साली तिने शहर महाराष्ट्रात विलीन करण्याचा ठराव संमत केला. महापौरांच्या तोंडास बंगळुरात काळे फासण्यात आले आणि कर्नाटक शासनाने महानगरपालिका बरखास्त केली. स्थानिक स्वराज्य संस्थेचा अधिकार कोठवर? नाले, दिवे आणि घरपट्टी यांपलीकडे, आपण कोणाच्या राज्यात राहावे याविषयी नुसते मत व्यक्त करण्याचा तरी अधिकार तिला आहे की नाही? 'स्वराज्य' हा शब्द आपण स्थानिक संस्थांना लावतो तो कितपत गांभीर्याने? एका ठरावाने हा प्रश्न जितका धारदार केला तितका एखाद्या ग्रंथानेही केला नसता. त्यावर मराठीत संताप पुष्कळ व्यक्त झाला. प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

पक्षाविषयी आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापिली ती बेळगावात. १९२४ साली गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले तेही बेळगावात. त्याची सारी सिद्धता गंगाधरराव देशपांडे यांनी केली. पण हे दुसरे अधिवेशन कर्नाटक प्रांतिक काँग्रेसचे पाहुणे होते. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या, तेव्हाच बेळगाव कर्नाटकाकडे घातले गेले. म्हणजे १९५६ साली सरकारने जी रेषा कायद्याने आखली, ती पक्षाने छत्तीस वर्षे आधी आपल्या कागदावर आखलेली होती. शासनाचा नकाशा पक्षाच्या दफ्तरातून निघतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण जवळ असता आपले प्राध्यापक पक्षपद्धती शिकविताना इंग्लंड-अमेरिकेची उदाहरणे देत राहतात.

वृत्तपत्राकडे वळताना पुन्हा परांजपे आठवतात. 'काळ' १८९८ साली निघाला. १९०८ साली त्यातील लेखांबद्दल संपादकास १९ महिन्यांची शिक्षा झाली आणि १९१० साली कायद्याच्या जाचाने पत्र बंद पडले. परांजप्यांचे शस्त्र वक्रोक्ती. सरकारची स्तुती अशी करावयाची की वाचकाला निंदा ऐकू यावी आणि सरकारी भाषांतरकाराला ती दाखविता येऊ नये. या शैलीसाठी वाचकावर फार मोठा विश्वास लागतो. लेखकाने अर्धे बोलावे आणि उरलेले वाचकाने पुरे करावे. सीमाभागातील पत्रसृष्टी त्यांच्याच परंपरेतील. बेळगावचा 'तरुण भारत' बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली सुरू केला. ते स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते आणि पुढे एकीकरणाच्या चळवळीचे नेते. जेथे शासनव्यवहारातून मराठी हळूहळू मागे हटली, तेथे दैनिक हीच शाळा, तीच कचेरी आणि तीच चावडी झाली. मृत्यूच्या बातम्या, बाजारभाव, यात्रांच्या तिथी, कन्नड आदेशांचा मराठी सारांश, हे सर्व तेथेच मिळावयाचे. शुद्धलेखनाचा आदर्श म्हणूनही शिक्षक दैनिकाचाच हवाला देत. ही कामगिरी कोणत्याही अकादमीच्या कामगिरीहून कमी नाही.

परंतु चळवळीचा नेता आणि पत्राचा संपादक एक झाला की 'पत्र' या शब्दाचा तोल जातो. पत्र म्हणजे चिठ्ठी. ती एकाने दुसऱ्याला लिहावयाची असते. चळवळीचे पत्र स्वतःच स्वतःला लिहू लागते. ज्याला पटलेलेच आहे त्याला पुन्हा पटविण्यासाठी वक्रोक्ती नको असते, घोषणा पुरते. परांजप्यांच्या काळी सरकारच्या भीतीने लेखक आडून बोलत असे. आता वाचकाच्या भीतीने तो थेट बोलतो. समितीतील फूट, चुकलेला हिशोब, निवडणुकीतील माघार यांविषयी एकीकरणवादी लेखनात जे मौन आढळते, ते कोणा सेन्सॉरने लादलेले नाही. घरातले भांडण शेजाऱ्याला दिसू नये, या सद्हेतूतून ते आले आहे. सद्हेतूंनी गद्य सुधारत नाही.

माडखोलकरांविषयी दोन शब्द. ते संपादक होते आणि 'मुक्तात्मा'सारखी राजकीय कादंबरी लिहिणारे कादंबरीकारही होते. त्यांच्या कादंबऱ्यांत राजकारण हा बहुधा प्रीतिकथेच्या मागचा रंगविलेला पडदा असतो, हा टीकाकारांचा आक्षेप मला मान्य आहे. पण आश्चर्य असे की, १९४६ च्या संमेलनानंतर ज्या शहराने मराठी राजकारणाला एवढे नाट्य पुरविले, त्या शहरावर तेवढ्या उंचीची राजकीय कादंबरी मराठीत आली नाही. हुतात्म्यांवर कविता झाल्या. विधानसभेत शपथ घेताना ज्याचा हात किंचित थांबला अशा आमदारावर कथा झाली नाही.

बॅ. नाथ पै यांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते, कारण संकल्पना आणि कार्य यांची सांगड त्यांच्यात दिसते. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर १९६७ साली त्यांनी संविधानदुरुस्तीचा संसदेचा अधिकार प्रस्थापित करणारे विधेयक मांडले. हेच नाथ पै सीमाप्रश्नाचे वकील. या दोन गोष्टी निरनिराळ्या प्रकरणांत लिहिण्याची आपल्याकडे चाल आहे. वस्तुतः त्या एकाच विचाराच्या दोन शाखा आहेत. मूलभूत हक्कांविषयीचा शब्दही जी संसद लोकांच्या वतीने बदलू शकते, तिला एका तालुक्याची सीमा अस्पर्श्य कशी? म्हणजे मागणी संसदेविरुद्ध नव्हती, संसदेपाशी होती. १९७१ च्या १७ जानेवारीस, १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांच्या दिनी, ते बेळगावात बोलले आणि त्याच रात्री तेथेच त्यांचे देहावसान झाले. मृत्यूच्या या प्रसंगावर आपण इतके लिहिले की त्यांचा युक्तिवाद मागे पडला.

निपाणीचे मात्र निराळे आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सीमाभागाविषयीचे उत्तम गद्य निपाणीच्या बाजूने आले आहे. हे गाव तंबाखूचे. १९२५ साली डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथे बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली. राज्यापुढे समान हक्क मागणारा नागरिक, हा विचार या भागात भाषेच्या वादापूर्वीच आलेला होता. पुढे १९५५ साली भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत त्यांनी एक बारीक भेद केला, तो आजही ताजा आहे. एका राज्याची एक भाषा असावी, हे एक तत्त्व; एका भाषेचे एकच राज्य असावे, हे निराळे तत्त्व. पहिले त्यांना मान्य, दुसरे नाही. सीमाप्रश्नावरील आपले बहुतेक लेखन या दोहोंत भेदच करीत नाही.

१९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या दरासाठी निपाणीस पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकऱ्यांनी ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या रस्त्यावर मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी एकत्र बसले होते. तंबाखूचा भाव पाडणारा व्यापारी कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न तेथे गौण होता. शरद जोशी यांनी आपल्या चळवळीस 'संघटना' म्हटले, पक्ष नव्हे, समितीही नव्हे. या तीन शब्दांच्या तुलनेवर एक स्वतंत्र प्रबंध होईल. तंबाखूच्या वखारींत धुळीत राबणाऱ्या स्त्रियांविषयी अनिल अवचट यांनी लिहिले. 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. अवचटांच्या लेखनात राज्यशास्त्राची एकही व्याख्या नाही. पण वखारमालक, फौजदार, कामगार अधिकारी आणि पुढारी ज्या सहजतेने एका बाजूस उभे राहतात, ते वाचून सत्ता म्हणजे काय हे विद्यार्थ्याला जेवढे कळते, तेवढे क्रमिक पुस्तकातून कळत नाही. मी ते वर्गात वाचून दाखवीत असे. त्यातील स्त्रिया स्वतःला सीमावासीय म्हणत नाहीत. 'सीमाभाग' हा शब्द मुंबईचा, जसा 'गडीनाडु' हा बंगळूरचा. राजधानीतून पाहिल्यावरच एखादे गाव काठावर दिसते. वखारीत बसलेल्या बाईला तेच गाव जगाच्या मध्यभागी असते.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात संविधानाच्या १३१ व्या कलमाखाली दावा दाखल केला. त्यास वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. वादी महाराष्ट्र राज्य, प्रतिवादी भारत सरकार आणि कर्नाटक राज्य. या कलमाखाली केवळ केंद्र आणि राज्ये हीच एकमेकांविरुद्ध उभी राहू शकतात. येळ्ळूर, निपाणी किंवा खानापूर येथील रहिवाशाला त्या दाव्यात पक्षकार होता येत नाही. दाव्याचे सर्व कागद इंग्रजीत आहेत.